हौदाच्या बुडातला पाइप

आमच्या आळीच्या पाण्याची चावी एकोणीस वर्षं माझ्या दाराआडच्या खिळ्याला टांगलेली होती. हातभर लांबीचा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. एक दिवसाआड सकाळी आठला टाकीचं पाणी सुटायचं. मी दांडा घेऊन वळणावरच्या खड्ड्यात वाकायची, वॉल्व्ह फिरवायची, आणि आमच्या सहा घरांना पाणी यायचं. तासाभराने बंद करायची.

पाइप फुटला तरी बोलावणं मलाच. डहाणूच्या खाडीला लागून आमची आळी. पुरुष होडीवर, बायका बाजारात, मग पाइपाकडे बघणार कोण? एकदा बोअरिंगवाल्या माणसाला काम करताना बघितलं आणि शिकले. नारळाची सोडणं पेटवायची, पाइपाचं तोंड आचेवर गोल गोल फिरवायचं, मऊ झालं की दुसरा पाइप त्यात दाबून बसवायचा. वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळायची. दोन्ही हातांना डाग आहेत त्याचे. कोणाचा पाइप गेला की बायका दारातून ओरडायच्या, "जमुना, ट्यूब घेऊन ये गो!" मी हातातलं काम टाकून जायची. मला ती हाक आवडायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग भाविनी आली.

माझ्या धाकट्या जावेचं नावच धाकली. तिच्या मुलाची, दिपेशची, ही बायको. माहेर झाईचं. लग्नाआधी तलासरीला नळजोडणीचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला. आल्यावर महिनाभरातच आमच्या वळणावर एक सांधा सुटला. मी सोडणं गोळा करायला गेले आणि परत येऊन बघते तर काम झालेलं. ना धूर, ना राख. करवतीने पाइप सरळ कापला, काचपेपर मारला, डबीतलं सोल्युशन लावलं, कपलिंग सरकवलं, झालं. वर काळ्या मार्करने लिहिलं होतं, 'भाविनी', आणि खाली तारीख.

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतल्या प्रौढवर्गात अक्षरं शिकले. त्या अक्षरांचा पहिला मोठा उपयोग हा झाला, की जावेच्या सुनेचं नाव पाइपावर मला वाचता आलं.

"तारीख कशाला गो?" मी विचारलं.

"मोठी आई, कोर्समध्ये शिकवलंय. सांधा किती टिकला ते कळतं ने."

मी एकोणीस वर्षांत किती सांधे मारले असतील. एकावरही नाव नाही. सगळे टिकले म्हणून कोणाला आठवतही नाहीत.

त्यानंतर हाका बदलल्या. "भाविनी, जरा ये गं!" मला ओलांडून लोक तिला बोलवायचे. आमचा म्हातारा नारू ओट्यावर जाळं विणत बसलेला असायचा. तो सुई न थांबवता म्हणायचा, "जमने, तुझ्या ट्यूबा आता होडीला बांधू काय? कामाला तरी येतील."

"तुझ्या तोंडाला बांध," मी म्हणायची.

दिवाळीनंतर प्रविण येऊन गेला. तो आमच्या पाणी समितीचा अध्यक्ष. म्हणाला, "जमुनाकाकी, आता चावी आणि दुरुस्ती एकाच माणसाकडे द्यायची ठरतेय. गुरुवारी नाही, पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी बैठक घेतो. तुझंही नाव आहे, भाविनीचंही आहे." माझंही! एकोणीस वर्षांनी माझंही नाव आहे म्हणून सांगतो. मी त्याला चहा विचारला नाही.

आता हौदाचं सांगते, कारण सगळं त्यातच घडलं.

दिपेशने त्याच सुमाराला पडवीत विटांचा हौद बांधला. आतून थर्मोकोल, वर सिमेंट. संध्याकाळी होडीचे मासे बर्फ घालून त्यात भरायचे, सकाळी सहाला वापीचा टेंपो येऊन घेऊन जायचा. आमच्या आळीचा पाइप धाकलीच्या पडवीतून पुढे पाच घरांना जातो. पाइप हलवायचा तर अख्खी पडवी उकरावी लागली असती. दिपेशने तो तसाच ठेवला आणि हौद त्याच्यावर बांधला. पाइप हौदाच्या बुडातून, या भिंतीतून शिरून त्या भिंतीतून बाहेर. मासे भरले की दिसायचाही नाही.

हौद भरायला लागल्यापासून आठवडाभरात पाइप फुटला, तोही नेमका हौदात. सकाळी मी वॉल्व्ह सोडला आणि धाकलीच्या पडवीतून आरडाओरडा. रिकाम्या हौदाच्या बुडात कारंजं उडत होतं. त्याहून वाईट पुढे. पाणी बंद झालं की हौदातलं घाण पाणी फुटक्या जागेतून पाइपात उतरायचं आणि पुढच्या पाळीला आमच्या पाच घरांच्या हंड्यात यायचं. शेजारच्या बुधीबाईच्या हंड्यात बोंबलाचं शेपूट निघालं. चहा खारट.

भाविनीने तुकडा कापला, नवा घातला, नाव लिहिलं. चार दिवसांनी पुन्हा फुटला. तिच्या सांध्याला लागूनच.

मला काय झालं ते लपवत नाही. त्या दिवशी मी मासे विकायला बसले तर गिऱ्हाइकाला दोन बोंबील वर दिले.

"कोर्समध्ये दुसऱ्यांदाचं शिकवत नाहीत वाटतं," मी धाकलीला ऐकू जाईल असं बोलले.

धाकली पायरीवर मासे साफ करत होती. कोयती थांबली. "पाइप आपोआप नाय फुटत जाऊबाई. कोणाची तरी नजर आहे."

"नजर पाइपाला लागते होय? मग तुझ्या सुनेला नको का लागायला? ती तर बरीच फुगलीये."

"नजर नाय तर ब्लेड असेल," धाकली म्हणाली, आणि माझ्या हातांकडे बघितलं.

ते मला झोंबलं. मी ब्लेड मारलं नव्हतं. म्हणून भाविनीने कापून टाकलेला तुकडा मी उचलून घरी आणला. बारा वर्षांच्या पोरालाही कळावं, की हे ब्लेडचं काम नाही. पाइप लांबीत उभा चिरला होता, आणि चिरीच्या जागी पोट आल्यासारखा फुगला होता. उन्हाने तडकलेला पाइप असा फुगत नाही, तो करकरीत मोडतो. चाकाखाली आलेला चपटा होतो. हा आतून कोणीतरी फुंकल्यासारखा दिसत होता. एकोणीस वर्षांत मी असा पाइप बघितला नव्हता.

दोन दिवसांनी उलगडलं.

दिपेशच्या हौदातले वरचे मोठे मासे टेंपोला जातात. बुडाशी राहिलेलं लहानसहान मला बाजाराला मिळतं. मोठी जाऊ, आणि वाट्याला बूड. ते असो. त्या सकाळी टेंपो लवकर आला होता. साडेपाचला मी हौदात वाकले आणि तळाशी हात घातला. मांदेलीसोबत माझ्या हाताला पाइप लागला. लागला आणि चिकटला. बोटांची कातडी ओढून काढावी लागली. पाइपावर पांढरं दव साखरेसारखं गोठलेलं होतं. मी नखाने टकटक केलं. पोकळ वाजायचा तो पाइप दगडासारखा वाजला.

मी खाली पडलेला बर्फ तोंडात घातला. खारट.

"दिपेश, बर्फात मीठ घालतोस काय रे?"

"हो ना. वापीच्या शेठने सांगितलं. पोतंभर बर्फाला अर्धी पाटी जाडं मीठ. मासा लाकडासारखा राहतो. का?"

"काय नाय. मांदेली खारट होईल म्हणून विचारलं."

पाटी डोक्यावर घेऊन मी बाहेर पडले. पण मला सगळं समजलं होतं.

आठ-नऊ वर्षांची असताना मी आशागडजवळच्या एका चिकूच्या वाडीत कामाला होते. पाहुणे आले की वाडीवाल्या बाई आइस्क्रीम करायच्या. लाकडी पिंप, मधे पत्र्याचा डबा, डब्यात दूध. भोवती बर्फ फोडून भरायचा आणि त्यावर मीठ मारायचं, ते माझं काम. मीठ पडलं की बर्फ असा पिसाळतो की बोटं बधिर होतात. नुसत्या बर्फाने दूध गोठत नाही, मीठ पडल्यावर गोठतं. एकदा मी बाईंची पाण्याची काचेची बाटली गार व्हावी म्हणून त्या पिंपात खोचली आणि विसरले. थोड्या वेळाने काढली तर बाटली उभी चिरलेली, आणि आत बाटलीच्याच आकाराचा बर्फ उभा. त्या चिरीबद्दल मी मार खाल्ला आहे. मी ती विसरणार नाही.

हौदातही तेच. बंद वॉल्व्ह, पाइपात थांबलेलं पाणी, वर रात्रभर मिठाचा बर्फ. पाणी गोठतं, फुगतं, पाइप चिरतं. टेंपो गेल्यावर हौद रिकामा होतो, आठपर्यंत पाइपातला बर्फ विरघळतो, आणि लोकांना नुसती चीर दिसते. डहाणूत कोणी गोठलेला पाइप बघितलाय? इथे पौषातही आम्ही पंखा लावतो. भाविनीच्या कोर्समध्येही हे नसणार. असतं तर तिला कळलं असतं.

मला कळलं होतं आणि तिला नाही. त्या दिवशी मला एवढंच पुरलं.

बाजारातून परतले तर आठच्या पाण्याला पाइप पुन्हा फुटलेला, आणि भाविनी हौदात उतरून तिसरा तुकडा बसवत होती. या वेळी जाड पाइप आणला होता. कपाळावर घाम, काखेत करवत. मला बघून म्हणाली, "मोठी आई, तुम्ही बघता का जरा? माझं कुठे चुकतंय?"

तिने विचारलं. ते खरं आहे. मला सरळ विचारलं.

"मी अडाणी बाई. तू कोर्सवाली," मी म्हटलं.

चार दिवसांनी जाड पाइपही चिरला. बुधीबाई रिकामा हंडा घेऊन आळीच्या मधोमध उभी राहिली. "आता पुरे. नातीला जुलाब लागलेत माझ्या. जमुना, तू घे गो हातात. तुझा सांधा कधी नाय फुटला."

याच वाक्यासाठी मी गप्प राहिले होते. ऐकलं, आणि नातीच्या जुलाबाचं ऐकलं न ऐकलं केलं.

सगळी आळी बघत होती. मी सोडणं पेटवली. मुद्दाम जास्त पेटवली, धूर खाडीपर्यंत गेला असेल. पाइपाचं तोंड मऊ केलं, दाबलं, ट्यूब आवळली. खरं सांगायचं तर सांधा बरा झाला नाही. हात आता पहिल्यासारखे राहिलेले नाहीत, एका बाजूला फट राहिली होती, ती मी ट्यूबखाली झाकली. भाविनी गुडघ्यावर बसून बघत होती.

पण माझा भरवसा सांध्यावर नव्हताच. माझं घर आळीच्या टोकाला, उतारावर. लाइनीचं शेवटचं तोंड माझ्या मोरीत. दर पाळीला पाणी संपलं की मी वॉल्व्ह बंद करायची आणि घरी येऊन मोरीतला नळ पूर्ण सोडून ठेवायची. वरच्या घरांचे नळ उघडेच असतात, कोणी बंद करत नाही. पाइपात राहिलेलं सगळं पाणी माझ्या मोरीतून खाडीला जायचं. पाइप कोरडा. कोरड्या पाइपात गोठणार काय?

चार दिवस गेले, आठ गेले. पाइप फुटला नाही. आळीत पुन्हा "जमुना, जमुना". बुधीबाईने मला चवळीच्या शेंगा आणून दिल्या. धाकली माझ्यासमोरून मान खाली घालून जायची. भाविनी मात्र रोज सकाळी रिकाम्या हौदात वाकून माझा सांधा बघायची. एकदा हात लावून हलवूनही बघितला. मी दारातून बघत होते. तिच्या तोंडावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिला नुसतं कळत नव्हतं, आणि ते कळून घ्यायचं होतं.

म्हातारा म्हणाला, "जमने, हल्ली तू मोरीत फार वेळ काढतेस."

"तुझ्याच बनियनी घासते," मी म्हटलं.

गुरुवारी देवळाच्या ओट्यावर बैठक झाली. मी चावी पुसून, खोबरेल लावून सोबत नेली होती. ती परत आणायचीच होती, म्हणून.

प्रविण म्हणाला, "विषय लहान आहे. भाविनीचे तीन सांधे गेले, जमुनाकाकीचा एक टिकला. मला वाटतं चावी काकीकडेच राहू दे. कोणाला काही बोलायचंय?"

एवढ्यावर सगळं संपलं असतं. मी नुसतं बसून राहायचं होतं.

धाकली उठली. "माझं एक आहे. माझ्या सुनेने करवत, काचपेपर, सोल्युशन, सगळं नीट केलं. या बाईने जाळ केला आणि ट्यूब गुंडाळली. टिकला तर टिकला. नशीब आहे तिचं, बाकी काय?"

लोक हसले. प्रविणही हसला. "असेल, असेल. जुन्या हातांना नशीब साथ देतं कधीकधी."

"नशीबच म्हणायचं," भाविनी हळूच म्हणाली. "मी सांधा बघितलाय. खाली फट आहे. तो पहिल्या दिवशीच गळायला हवा होता. मला खरंच समजत नाहीये तो कसा टिकला."

ती खोटं बोलत नव्हती. म्हणूनच मला सहन झालं नाही. माझ्या आयुष्यात मी एकच गोष्ट अशी शोधली होती जी कोर्सवाल्यांनाही माहीत नव्हती, आणि ती सगळी आळी नशिबाच्या खाती टाकून घरी जाणार होती.

"नशीब?" मी उभी राहिले. "नशीब कोणाचं गो? डोकं चालवलंय मी! सांध्याने नाय टिकला तो. पाइपात पाणी गोठतं. दिपेश मीठ मारतो बर्फात, त्याने पाइप गोठून चिरतो. मी दर पाळीला माझ्या मोरीतून पाइप रिकामा करते, म्हणून टिकलाय. तुमच्या कोर्सला विचारा हे! तिचा तिसरा सांधा जायच्या आधीच मला ठाऊक होतं!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, थक्क झाले.

मग प्रविणने विचारलं, "तिसरा सांधा जायच्या आधी?"

तेव्हा मला माझं वाक्य ऐकू आलं.

बुधीबाई माझ्याकडे बघत होती. "म्हणजे तुला माहीत होतं, आणि माझी नात ते पाणी प्यायली?"

म्हातारा मागे खांबाला टेकून बसला होता. त्याने मान फिरवली.

भाविनीच तेवढी माझ्याजवळ आली, डोळे मोठे करून. "गोठतं? म्हणजे माझे सांधे बरोबर होते? पाइप सांध्यात नाही, बाजूला चिरत होता, ते म्हणून? मोठी आई, तुम्हाला कसं समजलं?" माझ्या उत्तराची वाट न बघता ती स्वतःशीच मान हलवायला लागली. "मीठ... हं, मीठ. मग पाइप हौदातून काढायलाच हवा. वरून घेऊ. आढ्याला धरून."

चावी कोणाकडे जाणार हे प्रविणला सांगावं लागलं नाही. मीच ती ओट्यावर ठेवली. खोबरेलाने ती हातातून घसरत होती.

रविवारी भाविनीने आणि दिपेशने पाइप हौदातून कापून काढला आणि पडवीच्या आढ्याला क्लिपा मारून वरून नेला. एका ठिकाणी पाइप भिंतीला वळत नव्हता आणि तसला बाक दुकानात मिळाला नाही. भाविनी माझ्या दारात आली. "मोठी आई, तुमचा जाळ लागेल. मला आच जमत नाही, पाइप करपतो."

जायचं नाही असं ठरवून मी उठले. सोडणं पेटवली, पाइप फिरवला, हवा तसा बाक दिला. थंड होईपर्यंत फडक्याने धरून उभी राहिले. बाक चांगला झाला. फट कुठे नाही.

धाकलीने पायरीवरूनच विचारलं, "पाणी पाजू का मजुरांना?"

"तुझ्या हौदातलं नको," मी म्हटलं.

काम झाल्यावर भाविनी शिडीवर चढली, मार्कर काढला आणि पाइपावर लिहिलं, 'भाविनी', खाली तारीख. माझ्या बाकापासून चार बोटांवर. तिच्या मनात काही नव्हतं. तिची सवय आहे ती. लिहून झाल्यावर ती चावी घेऊन वळणावर वॉल्व्ह सोडायला गेली, आणि सगळे तिच्यामागे गेले.

पडवीत मी एकटी उरले. सोडणांत अजून निखारे होते. मी चिमट्यात एक मोठा खिळा धरला, लाल होईपर्यंत तापवला आणि शिडीवर चढले. या वयात चढू नये. बाकावर, खालून सहज दिसेल अशा जागी, मी तीन अक्षरं डागली. प्लास्टिकचा वास आला. 'मु' जरा वाकडा झाला, पण वाचता येतो.

वळणावरून भाविनी ओरडली, "मोठी आई, आलं का पाणी?"

पाइपावर मी हात ठेवला. आत पाणी धावत होतं.

"आलं," मी म्हटलं, आणि तिच्या नावाकडे बघितलं. मार्कर आहे. दोन पावसाळ्यांत जाईल.